‘शीर धरली’ म्हणजे नेमकं काय? स्नायू आणि कंडरेच्या जोडाची गोष्ट

चाकणजवळ महाळुंगेत एका खोलीत सहा पोरं राहतात. सगळी कंत्राटावर, सगळी वेगवेगळ्या शिफ्टला. दर रविवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्यासोबत बसतो. कधी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास होतो, कधी कामगार कायदा, कधी नुसत्याच गप्पा. मागच्या हिवाळ्यात त्यातला एकजण, परभणी जिल्ह्यातून आलेला, बावीस वर्षांचा, चहाचा कप डाव्या हाताने धरून बसला होता. उजवा हात का नाही वापरत, असं विचारलं तर म्हणाला, “सर, शीर धरलीय.”

मनगटाच्या चार बोटं वर, अंगठ्याच्या बाजूला सूज दिसत होती. त्याने अंगठा वर-खाली केला तेव्हा आमच्यापैकी एकाने तिथे बोट ठेवलं. वाळलेल्या पाचोळ्यावर पाय पडावा तशी आत कुरकुर लागली. लाइनवर हवेच्या गनने बोल्ट आवळायचं त्याचं काम. दीड महिन्याचा ब्रेक संपवून तो दोनच आठवड्यांपूर्वी पुन्हा कामाला लागला होता.

सुपरवायझरने सांगितलं, “नवीन पोरांची नाटकं. आठ दिवसांत हात बसतो.” मेडिकलवाल्याने दुखण्याच्या गोळ्या दिल्या. गावाहून आईने फोनवर सांगितलं, तेल लावून चोळ. खोलीतल्या थोरल्याचं मत पडलं, खाणं कमी पडतंय. चौघांची चार उत्तरं. पण आत नेमकं काय बिघडलंय, हे त्याला कोणीच सांगितलं नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही ते माहीत नव्हतं. आम्ही समाजशास्त्र शिकलेली माणसं. म्हणून शरीररचनेची पुस्तकं उघडली, ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट ताईंना शंका विचारल्या, आणि जे समजलं ते इथे मांडतो आहोत. कारण हे दुखणं एका पोराचं नाही. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत, भोसरीच्या लहान वर्कशॉपपासून खराबवाडीच्या पॅकिंग शेडपर्यंत, ते आपल्या ओळखीच्या कुठल्या ना कुठल्या घरात आहे.

शीर, नस आणि कंडरा

आपल्याकडे हातपाय दुखला की ‘शीर चढली’, ‘नस दबली’, ‘हात भरून आला’ असं म्हणतात. पण शीर म्हणजे रक्तवाहिनी. नस म्हणताना कधी रक्तवाहिनी अभिप्रेत असते, कधी मज्जातंतू. या पोराच्या हातात दुखत होतं ते या दोन्हींपैकी काहीच नव्हतं.

हाताची मूठ घट्ट आवळा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला बघा. ताणलेल्या दोऱ्यांसारखं काहीतरी वर येतं. त्या कंडरा. कंडरा हा स्नायूला हाडाशी बांधणारा पांढरा, चिवट दोर. स्नायू म्हणजे लालसर मांस, जे आकसतं आणि जोर लावतं. कंडरा स्वतः जोर लावत नाही. स्नायूने लावलेला जोर ती हाडापर्यंत पोचवते. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराच्या खाली हाताच्या भरीव भागात असतात. तिथून लांब कंडरा मनगटावरून बोटांपर्यंत जातात, म्हणून आपली बोटं इतकी बारीक आणि चपळ राहतात.

आपल्या परंपरेलाही हा फरक ठाऊक होता. खुद्दकपाठात देहाच्या बत्तीस भागांची जी यादी आहे, तिच्यात मांस, मग न्हारू म्हणजे कंडरा, मग हाड असे वेगवेगळे मोजले आहेत. पण मांस आणि न्हारू एकमेकांना धरून कसे राहतात, हे डोळ्यांनी दिसण्यासारखं नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. विसाव्या शतकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर हा जोड नीट दिसू लागला.

सूक्ष्मदर्शकाखाली

स्नायू हा हजारो धाग्यांचा जुडगा. त्यातला प्रत्येक धागा म्हणजे एक लांबलचक पेशी. तिची जाडी साधारण आपल्या केसाइतकी किंवा त्याहून कमी, पण लांबी कित्येक सेंटिमीटर असू शकते. एवढी लांब पेशी एका केंद्रकावर चालत नाही, म्हणून तिच्यात शेकडो केंद्रकं असतात.

या धाग्याच्या आत एकामागोमाग एक लावलेले बारीक कप्पे असतात. त्यांना सार्कोमियर म्हणतात. एका कप्प्याची लांबी साधारण अडीच मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा चारशेवा भाग. एक सेंटिमीटर धाग्यात असे सुमारे चार हजार कप्पे एका रांगेत बसतात. प्रत्येक कप्प्यात दोन प्रकारचे तंतू असतात: जाड मायोसिन आणि बारीक अ‍ॅक्टिन. मेंदूकडून आदेश आला की मायोसिन अ‍ॅक्टिनला धरून ओढतं आणि कप्पा आखूड होतो. रस्सीखेचीत माणसं हात बदलत दोर ओढतात तसंच. हजारो कप्पे एकाच वेळी थोडेथोडे आखडले की सगळा स्नायू आकसतो.

आता खरा प्रश्न येतो. रांगेतल्या शेवटच्या कप्प्याने कोणाला धरायचं? त्याच्यापुढे कप्पा नाही, पेशीचं पातळ आवरण आहे. आवरणापलीकडे कंडरा आहे. कंडरा पेशीच्या आत शिरत नाही आणि स्नायूचा तंतू पेशीबाहेर येत नाही. दोन वेगळ्या जातीची द्रव्यं, मध्ये तेलकट पडद्यासारखं आवरण, आणि त्यातून दिवसभर हजारो वेळा जोर पलीकडे जायला हवा. आवरण फाटून चालणार नाही.

शरीराने यावर काढलेला तोडगा आयटीआयला वेल्डिंग शिकलेल्यांना लगेच समजेल. दोन पट्ट्या टोकाला टोक लावून जोडल्या तर तो बट जॉइंट. एकीवर दुसरी चढवून जोडल्या तर लॅप जॉइंट. पट्ट्या डिंकाने चिकटवल्या असतील तर टोकाला टोक लावलेला जोड एका झटक्यात सुटतो. एकमेकींवर चढवलेला जोड सहज सुटत नाही, कारण चिकटलेली जागा मोठी असते आणि ओढ त्या जागेवरून सरकत्या दिशेने जाते, थेट उपटण्याच्या दिशेने जात नाही.

स्नायूच्या टोकाला हेच घडलेलं असतं. पेशीचं टोक सपाट कापलेलं नसतं. ते आत-बाहेर दुमडत जातं आणि त्याला बोटांसारखे लांब उंचवटे येतात. त्या बोटांमधल्या फटींत कंडरेचे तंतू शिरतात. तुमच्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवा आणि ओढून बघा. मग नुसते तळवे एकमेकांना टेकवून ओढा. फरक लगेच कळेल. या दुमडण्यामुळे जोडाचा पृष्ठभाग सपाट टोकाच्या मानाने दहा ते वीस पट वाढतो. तेवढाच जोर जास्त जागेवर वाटला गेला की प्रत्येक बिंदूवरचा ताण तितकाच कमी होतो.

पण नुसती बोटं गुंतवून भागत नाही. आवरणाच्या आरपार पक्की पकड हवी. त्यासाठी प्रथिनांच्या साखळ्या असतात. आतल्या बाजूला शेवटच्या कप्प्याचे अ‍ॅक्टिन तंतू आवरणालगतच्या एका दाट थरात रुततात. तिथून पुढे दोन मुख्य साखळ्या जातात. एक टॅलिन आणि व्हिन्क्युलिनच्या मदतीने इंटिग्रिन नावाच्या प्रथिनापर्यंत, आणि हे इंटिग्रिन आवरणाच्या आरपार गेलेलं असतं. दुसरी साखळी डिस्ट्रोफिनची. दोन्ही साखळ्या बाहेर लॅमिनिनच्या पातळ चादरीला धरतात आणि ती चादर कंडरेच्या कोलॅजेनला धरते. म्हणजे खिळा आरपार ठोकून हा जोड केलेला नाही. शेकडो लहान हातांनी एकमेकांचे हात धरून तो उभा केलेला आहे. यातला एक जरी हात नसला तर काय होतं, हे डुशेन या आजारात दिसतं. त्यात मुलांच्या शरीरात डिस्ट्रोफिन तयारच होत नाही, आणि साध्या चालण्याफिरण्याने स्नायूंचे धागे तुटत जातात.

पलीकडची कंडरा म्हणजे मुख्यतः कोलॅजेनचे समांतर तंतू. सैल असताना ते लाटेसारखे किंचित वळलेले दिसतात. ओढ आली की आधी या लाटा सरळ होतात, मग खरा ताण बसतो. सुरुवातीचा झटका लाटांमध्ये जिरतो.

एवढी चोख रचना असूनही दुखापत कुठे होते? अमेरिकेत १९८० च्या दशकात विल्यम गॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांचे स्नायू ताणून पाहिले. स्नायू वेगवेगळ्या आकाराचे होते, ताणण्याची गती वेगवेगळी होती, तरी फाटण्याची जागा पुन्हा पुन्हा तीच निघाली: जोडाच्या अगदी जवळ, स्नायूच्या बाजूला. खेळाडूंच्या मांडीचा किंवा पोटरीचा स्नायू फाटतो तेव्हाही बहुतेकदा इथेच. एक नरम, लवचिक वस्तू जिथे एका ताठ वस्तूला भेटते, तिथे ताण एकवटतो.

जोड कामाने बनतो, पण त्याला वेळ लागतो

हा जोड जन्मतः ठरून गेलेला नसतो. मूल वाढतं, हाडं लांबतात, तेव्हा स्नायूलाही लांब व्हावं लागतं. नवे कप्पे मुख्यतः धाग्याच्या टोकांनाच, म्हणजे या जोडाजवळ बसतात. म्हणून ही जागा जितकी नाजूक तितकीच जिवंत आहे. वाढीचं आणि डागडुजीचं काम इथे सतत चालू असतं.

तिच्यावर ओढ पडत राहिली तर तिची बांधणी टिकते आणि सुधारते. ओढ थांबली तर ती उसवते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत पाय काही आठवडे न हलवता ठेवला, तेव्हा जोडाची बोटांसारखी दुमड कमी झाली आणि पृष्ठभाग घटला. प्लास्टर काढल्यावर हात बारीक दिसतो हे आपण पाहतो. आतला जोडही तेव्हा बारीक झालेला असतो, ते मात्र दिसत नाही.

इथे एक अडचण आहे. जोडाच्या दोन बाजू एकाच वेगाने सुधारत नाहीत. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून तो लाल. नव्या कामाला लागल्यावर काही आठवड्यांतच ताकद वाढल्यासारखी वाटते. सुरुवातीला तर मेंदू आणि मज्जातंतूच काम शिकून घेतात. कंडरेला रक्त थोडं मिळतं, तिची देवघेव संथ. तिला बळकट व्हायला महिने लागतात. म्हणजे असा एक काळ येतो जेव्हा माणसाला ‘हात बसला’ असं वाटतं, पण कंडरा आणि जोड अजून तयार झालेले नसतात. सुपरवायझरचं ‘आठ दिवसांत हात बसतो’ हे अर्धसत्य इथून येतं. हात बसतो, जोड बसत नाही.

कंडरा किती संथ असते याचा एक पुरावा चकित करणारा आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण वाढलं आणि नंतर उतरत गेलं. त्या त्या काळात तयार झालेल्या पेशीजालात तो कार्बन तारखेच्या शिक्क्यासारखा राहतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ साली माणसाच्या टाचेवरच्या मोठ्या कंडरेत हा शिक्का तपासला. तिचा गाभा वयाच्या पहिल्या सतरा वर्षांत घडलेला होता, त्यानंतर जवळपास बदललेलाच नव्हता. स्नायू मात्र आयुष्यभर नवा होत राहतो.

हे वाचल्यावर आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. दहावीनंतर ऊसतोडीला, मग बांधकामावर, मग चाकणला आलेल्या पोरांचे चेहरे डोळ्यांसमोर आले. टाचेच्या एका कंडरेवरून सगळ्या शरीराबद्दल ठाम बोलता येणार नाही. पण पोरवयात काय खाल्लं, किती ओझं वाहिलं, किती विश्रांती मिळाली, हे शरीर विसरत नाही, एवढं तर यातून समजतं.

कुरकुर आधीच नोंदलेली आहे

कामामुळे हातांची दुखणी होतात हे वैद्यकाला नवीन नाही. इटलीचे वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. दिवसभर लेखणी धरणाऱ्या कारकुनांचे हात का थकतात, याचीही त्यांनी कारणं मांडली होती.

आमच्या पोराच्या हातातली कुरकुर तर हुबेहूब नोंदलेली सापडली. ब्रिटनमध्ये थॉम्पसन, प्ल्यूझ आणि शॉ या तिघांनी उद्योगांतल्या ५४४ रुग्णांचा अभ्यास १९५१ साली प्रसिद्ध केला. मनगटाच्या थोडं वर, अंगठा उचलणारे स्नायू मनगटाच्या कंडरांवरून तिरपे जातात, तिथे सूज येते आणि हलवल्यावर कुरकुर लागते. दुखण्याची जागा बहुतेकदा स्नायू आणि कंडरेच्या जोडाभोवती. कारणं कोणती? सवय नसलेलं काम अचानक सुरू होणं. सुट्टीनंतर किंवा खंडानंतर पुन्हा कामावर येणं. तीच हालचाल वेगाने पुन्हा पुन्हा करणं.

दुसऱ्या कारणापाशी आम्ही थांबलो. चाकण पट्ट्यात कंत्राटी कामगारांना सहा-सात महिन्यांनी ब्रेक देण्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. कायम करावं लागू नये म्हणून काढायचं, महिना-दीड महिना घरी बसवायचं, मग त्याच किंवा दुसऱ्या ठेकेदारामार्फत पुन्हा घ्यायचं. आपण याकडे नोकरीच्या हमीचा प्रश्न म्हणून बघतो, तो आहेच. पण जोडाच्या बाजूने बघा. सहा महिने ओढ पडून तो बांधला जातो. ब्रेकमध्ये सैलावतो. मग एका सोमवारी सकाळी पुन्हा पूर्ण वेगाची लाइन. त्या पोराच्या हिशोबाने एका गाडीमागे चार बोल्ट, तासाला साठ गाड्या. जेवणाची सुट्टी वजा केली तरी शिफ्टमध्ये अठराशे वेळा गनचा झटका. पहिल्या दिवशी अठराशे आणि साठाव्या दिवशीही अठराशे. खेळाडू दुखापतीतून परततो तेव्हा प्रशिक्षक त्याला पहिल्या दिवशी पूर्ण सामना खेळवत नाही. कामगाराच्या शरीराला मात्र हा नियम कोणी लावत नाही.

त्यात ओव्हरटाइम धरला तर आणखी भर. थकलेला स्नायू ताण नीट शोषू शकत नाही, म्हणून तेवढ्याच झटक्याचा जास्त भाग जोडाला सोसावा लागतो. बाराव्या तासाचा बोल्ट हा पहिल्या तासाच्या बोल्टएवढा नसतो.

जे मोजलं जात नाही

प्रेस मशीनमध्ये बोट गेलं तर ते दिसतं. वाहन उद्योगातल्या अशा अपघातांवर सेफ इन इंडिया ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाने अहवाल काढते आहे, त्यात आपल्या पुणे पट्ट्याचाही समावेश आहे. ते काम फार मोलाचं. पण जोडाची इजा रक्त काढत नाही. अपघाताच्या अर्जात तारीख आणि वेळ विचारतात. या इजेला तारीख नसते. अठराशे गुणिले चौदा दिवस, यातला नेमका कुठला बोल्ट लिहायचा?

कायद्याच्या यादीतही तिला जागा नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत शासनाला कळवायलाच हवेत असे आजार दिले होते. त्यात शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता, आवाजाने येणारा बहिरेपणा होता. तीच हालचाल सतत केल्याने होणारी हाता-मनगटाची दुखणी नव्हती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मात्र २०१० च्या सुधारित यादीत मनगटाच्या कंडरांची सूज, कोपराचं दुखणं आणि मनगटात मज्जातंतू दबणं यांना व्यावसायिक आजार म्हणून स्थान दिलं आहे.

ईएसआयचं कार्ड असलं तरी एक खाच आहे. दवाखाना आणि औषधं पहिल्या दिवसापासून मिळतात. कामावर झालेली इजा मान्य झाली तर तात्पुरत्या अपंगत्वासाठी वेतनाच्या ९० टक्के भत्ताही पहिल्या दिवसापासून मिळू शकतो. पण इजा मान्य झाली नाही आणि साधं आजारपण ठरलं तर भत्ता ७० टक्के, आणि नव्याने विमा झालेल्याचा पहिला लाभ-कालावधी नोंदीनंतर सुमारे नऊ महिन्यांनी सुरू होतो. सातव्या महिन्यात ब्रेक मिळणारा पोरगा तिथवर पोचणार कसा? म्हणून तो गोळी खातो आणि शिफ्टला जातो.

बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना १९४६ च्या सुधारणेने बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्यांच्याच कारकिर्दीत अदारकर योजना तयार झाली, आणि तिच्यातून पुढे १९४८ चा ईएसआय कायदा आला. कामाचे तास आणि आजारपणातली मजुरी हे मुद्दे थेट शरीराशी जोडलेले आहेत, ही जाण त्या कायद्यांमागे होती. आठ तासांपुढचं काम थकलेल्या स्नायूवर, म्हणजे उसवणाऱ्या जोडावर पडतं, हे सूक्ष्मदर्शक आज आपल्याला दाखवतो. मागणी जुनीच आहे. आता तिच्यामागे शरीरशास्त्रही उभं आहे.

वस्तीत काय करता येईल

आम्ही डॉक्टर नाही. उपचार डॉक्टरांनीच करायचे. पण कार्यकर्ता म्हणून काही गोष्टी आपण नक्की करू शकतो.

पहिली गोष्ट, दुखणं ऐकल्यावर ‘अशक्तपणा’ किंवा ‘नाटक’ हे शब्द बोलायचे नाहीत. कधीपासून, कुठे, कोणती हालचाल केल्यावर, ब्रेकनंतर किती दिवसांनी, हे विचारायचं आणि वहीत लिहून ठेवायचं. इजेला तारीख नसते, पण दुखण्याला असते. कामाचं वर्णन, तासाला किती नग, ओव्हरटाइमचे तास, हेही त्याच पानावर लिहायचं.

दुसरी, लवकर दाखवायचं. कुरकुर आणि सूज असताना काम बदललं, मनगटाला आधारपट्टी लावून विश्रांती मिळाली तर बहुतेक वेळा काही आठवड्यांत आराम पडतो. गोळ्या खाऊन तेच काम रेटलं तर दुखणं मुरतं. गोळी वेदना दाबते, जोड बांधत नाही. रोज रोज घेतली तर पोट आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो तो वेगळाच. सुजलेल्या जागेवर जोरात चोळणंही टाळायला हवं. आईचं प्रेम खरं आहे, पण तेल थोडं थांबून.

तिसरी, काही खुणा दिसल्या तर एक दिवसही थांबायचं नाही: ‘टक्’ असा आवाज येऊन अचानक जोर जाणं, स्नायूत खळगा दिसणं, बोट किंवा पाऊल हलेनासं होणं, बोटांना मुंग्या येऊन बधिरपणा राहणं, रात्री झोप मोडणारी वेदना. चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयचं रुग्णालय आहे. कार्ड नसेल तर पिंपरीच्या संत तुकारामनगरचं वायसीएम रुग्णालय आहे. डॉक्टरांना आपण काय काम करतो हे स्वतःहून सांगायचं आणि ते केसपेपरवर लिहून घ्यायचं. ‘हात दुखतो’ आणि ‘शिफ्टमध्ये अठराशे वेळा गन चालवल्यावर हात दुखतो’ या दोन नोंदी एकसारख्या नाहीत.

चौथी, संपूर्ण विश्रांतीही कायमची नको. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट सांगतील त्याप्रमाणे हळूहळू ओढ वाढवायची, कारण ओढीशिवाय जोड पुन्हा बांधला जात नाही. ब्रेकवर गावी गेलेल्या पोरांनीही हात अगदी रिकामा न ठेवता हलका व्यायाम चालू ठेवावा.

पाचवी मागणीची. ब्रेकनंतर किंवा नव्याने येणाऱ्या कामगाराला पहिले दोन-तीन आठवडे कमी नग, दर तास-दोन तासांनी कामाची अदलाबदल, आणि गनला आधार देणारी सोय. हे मागायला कुठला नवा शोध लागत नाही. युनियन असेल तिथे हे मागणीपत्रात घालता येतं, नसेल तिथे सुरक्षा समितीत मांडता येतं. आजारांच्या यादीत या दुखण्यांचा समावेश व्हावा ही त्यापुढची मोठी लढाई. तिच्यासाठी आपल्या वह्यांतल्या नोंदीच उद्या पुरावा होतील.

यात फक्त लाइनवरच्या पोरांना मोजू नका. वायरिंगच्या कामातल्या ताया, दिवसभर खराटा चालवणाऱ्या सफाई कामगार मावशी, चार घरची धुणीभांडी करणारी आई, या सगळ्यांच्या मनगटात तोच जोड आहे. त्यांना तर कोणी ‘शीर धरली का’ असंही विचारत नाही.

महाळुंगेच्या त्या पोराचा हात तीन आठवड्यांनी बरा झाला. दुसऱ्या स्टेशनवर बदली मिळावी म्हणून त्याच्यासोबत खोलीतले दोघे सुपरवायझरकडे गेले होते. बदली मिळाली, पण नोंद कुठेच झाली नाही. आमच्या वहीत मात्र त्याचं पान आहे. पुढच्या रविवारी आणखी दोघांनी बाही वर करून मनगट पुढे केलं, आणि वहीत दोन पानं वाढली.